दुसऱ्याच्या फॅनफिक्शनवर अभिप्राय द्यावा तो कसा? (निमित्त : गिरगावातला होम्स)

चष्मिष्ट

आपल्यापैकीच एका सदस्याने शेरलॉक होम्सवर मराठीत दीर्घकथा लिहावयास घेतली असून तिची पहिली नऊ प्रकरणे त्यांनी मला वाचावयास पाठवली आहेत. सोबत सूचना आहे की, "सविस्तर आणि परखड लिहा, नुसते पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) नको." कथा अजून प्रकाशित झालेली नाही, तथापि तिच्यातील काही जागांची येथे उघड चर्चा करण्यास त्यांची संमती आहे, म्हणून हा धागा.

कथेची मांडणी थोडक्यात सांगतो. १८९१ च्या मे महिन्यात रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्स मेला असे जगाने मानले आणि १८९४ च्या वसंतात तो लंडनला परतला, हे होम्सच्या वाचकांना ठाऊकच आहे. मधल्या काळात आपण सिगर्सन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी म्हणून दोन वर्षे तिबेटात हिंडलो, ल्हासा पाहिले, पुढे इराण, मक्का आणि खार्टूम येथे गेलो, एवढेच तो वॉटसनला सांगतो. त्या चार-दोन वाक्यांच्या फटीत जगभरच्या चाहत्यांनी आजवर आपापल्या कथा बसवल्या आहेत. आपल्या लेखकांनी १८९३ साल निवडले आहे. तिबेटहून इराणी आखाताकडे जाणारा सिगर्सन बोटीची वाट पाहत मुंबईत थांबतो, गिरगावात एका परिचिताकडे उतरतो आणि शेजारच्या सावकाराच्या खुनाच्या भानगडीत ओढला जातो. ही सारी हकीकत सांगते ती कामा रुग्णालयात काम करणारी काशीबाई नावाची तरुण विधवा.

फॅनफिक्शनवर, म्हणजे चाहत्याने दुसऱ्या लेखकाची पात्रे घेऊन लिहिलेल्या कथेवर, अभिप्राय देणे हे स्वतंत्र कथेवर अभिप्राय देण्यापेक्षा अवघड आहे असे माझे मत आहे. स्वतंत्र कथेतील माणसे वाचकाला पहिल्यांदाच भेटतात. येथे मात्र वाचक आपला स्वतःचा होम्स मनात घेऊनच आलेला असतो आणि लेखकाचा होम्स त्याच्याशी जुळला नाही की त्याला ती लेखकाची चूक वाटू लागते. मग अभिप्रायाच्या नावाखाली आपण "माझा होम्स असा वागत नाही" एवढेच दहा प्रकारे लिहितो. माझी भूमिका अशी आहे की, लेखकाने मूळ कथेशी कोणते स्वातंत्र्य घेतले आहे ते आधी नीट पाहावे आणि त्यानंतर त्याची कथा त्याच्याच अटीवर कोठे टिकते व कोठे मोडते तेवढेच सांगावे.

तिसऱ्या प्रकरणातले एक वाक्य नमुन्यादाखल देतो : "होम्सने आपली दोन पाखांची टोपी मेजावर टाकली, वाकडा पाइप पेटवला आणि तो हसून म्हणाला, 'काशीबाई, हे तर अगदीच प्राथमिक आहे.'"

यावर पहिला मोह होतो तो विद्वत्ता दाखवण्याचा. ती टोपी चित्रकार सिडनी पॅजेट यांच्या चित्रांमुळे होम्सच्या डोक्यावर कायमची बसली, वाकडा पाइप रंगभूमीवरून नट विल्यम जिलेट यांच्यामुळे आला आणि वॉटसनला उद्देशून म्हटलेले ते सुप्रसिद्ध वाक्य त्या रूढ स्वरूपात मूळ कथांमध्ये कोठेच नाही. हे सारे खरे असले तरी लेखकाच्या उपयोगाचे नाही, कारण त्याला चित्रपटातलाच होम्स हवा असेल तर तो त्याचा अधिकार आहे. खरी अडचण कथेच्या आत आहे. पहिल्याच प्रकरणात लेखकाने आपल्याला सांगितले आहे की, होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी याच्या उरलेल्या साथीदारांपासून लपण्यासाठी हा मनुष्य वेषांतर करून हिंडत आहे. मग जो स्वतःला नॉर्वेजियन प्रवासी म्हणवतो, त्याने ज्याच्यावरून आपण सहज ओळखले जाऊ असा सगळा सरंजाम गिरगावात मिरवावा कशासाठी? हा प्रश्न विचारला की लेखकाला काय करावयाचे ते आपोआप दिसते आणि मूळ कथांचा संदर्भ काढण्याची गरजही पडत नाही.

आपले अनुभव व मते वाचावयास उत्सुक आहे.

काळा चहा

मांडणी आवडली, परंतु मी पूर्णपणे सहमत नाही. होम्सच्या मूळ कथा साठ आहेत, चार कादंबऱ्या आणि छप्पन्न लघुकथा. ज्याला होम्सवर लिहावयाचे आहे त्याने त्या वाचलेल्या असाव्यात ही अपेक्षा अवाजवी नाही. वाचकाला तपशिलातली चूक दिसली तर त्याने ती सांगावी; ती ठेवायची की सुधारायची ते लेखक पाहून घेईल. "लेखकाच्या अटीवर वाचा" हे ऐकावयास उदार वाटते, पण त्या आडून आळशी लेखनही सहज खपते. शिवाय येथे केवळ होम्सच्या तपशिलाचा प्रश्न नसून मुंबईच्या इतिहासाचाही आहे. चौथ्या प्रकरणात विजेची ट्राम धावते असे आपणच मला खासगीत कळवले होते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली आणि विजेची १९०७ मध्ये. हे सांगायचे नाही काय?

चष्मिष्ट

@काळा चहा, ट्रामचे जरूर सांगायचे. ते मी सांगितलेही आहे, एका ओळीत, पत्राच्या अगदी शेवटी. ट्रामला घोडे जोडले की ती चूक मिटते, प्रसंगाला धक्का लागत नाही. माझे म्हणणे वजनाविषयी आहे. ट्राम आणि वेषांतराचा घोळ हे दोन्ही एकाच यादीत, एकाच सुरात लिहिले तर लेखक स्वाभाविकपणे आधी ट्राम सुधारतो, कारण ते सोपे असते, आणि आपण अभिप्रायावर काम केले असे समाधान मानतो.

मूळ कथांशी निष्ठेच्या बाबतीत थोडे नमते घ्यावे असे मला वाटण्यास आणखी एक कारण आहे. वॉटसनला अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत, म्हणजे १८८० च्या जुलैमध्ये, गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला. खुद्द आर्थर कॉनन डॉयल यांना जी गोष्ट जुळवावीशी वाटली नाही तिच्यावरून हौशी लेखकाला धारेवर धरण्यात काय हशील? अशाच विसंगतींचा गंभीर चेहऱ्याने उलगडा करीत बसणे हा तर होम्सभक्तांचा शंभर वर्षांहून जुना खेळ आहे.

पेन्सिलवाली

मी काही वर्षे इंग्रजीत इतरांच्या कथांसाठी बीटा रीडर म्हणून काम केले आहे, म्हणजे प्रकाशनापूर्वी कथा वाचून लेखकाला खासगीत कळवण्याचे काम. चष्मिष्ट यांनी ही नऊ प्रकरणे लेखकांच्या संमतीने मलाही पाठवली. माझे लक्ष टोपीपेक्षा निवेदिकेकडे गेले.

होम्सच्या बहुतेक कथा वॉटसन सांगतो आणि त्या तशा सांगितल्या जाण्यात फार मोठे कसब आहे. वॉटसनला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. होम्स डोक्यात काय जुळवीत आहे ते त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. या कथेच्या काळात वॉटसन लंडनमध्ये आहे आणि मित्र मेला असे समजून शोक करतो आहे, तेव्हा त्याची जागा काशीबाईने घ्यावी ही कल्पना मला अतिशय आवडली. पण लेखक ती जागा तिला पुरती देत नाहीत. पाचव्या प्रकरणात सिगर्सन आणि पोलीस अधिकारी दिवाणखान्याचे दार लावून बोलतात, काशीबाई माजघरात आहे, आणि तरीही आतले संभाषण दीड पान शब्दशः येते. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात "होम्सला मनातून वाटले की" असेही आहे. हे काशीबाईला कसे कळले?

लेखकांना लिहिताना मी "दृष्टिकोन सांभाळा" असे लिहिणार नाही. तसे लिहिले की ते शाळेतल्या शेऱ्यासारखे वाटते आणि नेमके कोठे काय करावयाचे ते कळत नाही. मी लिहीन ते असे : "दाराआडचे बोलणे येथे मी थांबले, कारण काशीबाई हे कोठून ऐकते ते मला कळले नाही. तिला ते ऐकू आले नसते आणि पोलीस अधिकारी बाहेर येताना फक्त त्याचा चेहरा दिसला असता, तर काय झाले असते याची मला उत्सुकता आहे." यात वाचक कोठे अडखळला ते आहे, का अडखळला तेही आहे, आणि एक वाट दाखवून ती घेण्या-न घेण्याचा निर्णय लेखकाकडे ठेवला आहे.

आणखी एक. शुद्धलेखनाच्या खुणा पहिल्या वाचनात करू नयेत, कारण जो परिच्छेद पुढे मुळातच गळणार आहे त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घावर दोघांचाही वेळ कशाला घालवायचा?

निशिगंध

अभिप्राय कोठे दिला जातो यालाही महत्त्व आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे आपण ज्याला एओथ्री म्हणतो, तेथे २००९ पासून फॅनफिक्शनचा मोठा साठा खुला आहे, आणि तेथील बऱ्याच जुन्या वाचकांमध्ये असा संकेत दिसतो की, लेखकाने मागितल्याशिवाय प्रकाशित कथेखाली दोष काढू नयेत. कथा आवडली नाही तर खिडकी बंद करावी. ज्यांना टीका चालते ते आरंभीच्या टिपेत तसे लिहितात. मला हा संकेत रास्त वाटतो. हे लेखन फुकट, हौसेने, बहुतेक वेळा नोकरी-संसार सांभाळून रात्री केलेले असते. चारचौघांत पहिल्याच कथेवर बारा मुद्द्यांची चिरफाड झाल्यावर पुन्हा लिहावयास न बसलेले लेखक मी पाहिले आहेत.

काळा चहा

@निशिगंध, जे प्रकाशित झाले ते चर्चेसाठी खुले झाले, अशी आपल्या मराठी संकेतस्थळांची परंपरा आहे आणि ती मला मोलाची वाटते. लेखक दुखावेल म्हणून गप्प बसायचे ठरवले तर कथेखाली काय उरते ते आपण रोज पाहतो : "मस्त", "पुभाप्र" (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), "पटापट टाका", आणि फार तर टाळ्या वाजवणारी बाहुली. पुढचा भाग हवा आहे एवढेच त्यातून लेखकाला कळते. का हवा आहे, कोणती जागा वाचकाला धरून ठेवते, हे कळत नाही.

निशिगंध

पुभाप्रने काही शिकावयास मिळत नाही हे मान्य. पण त्यावर उपाय म्हणून दोष दाखवायलाच हवेत असे नाही. स्तुतीही नेमकी करता येते. हीच कथा घ्या. दुसऱ्या प्रकरणात सिगर्सन काशीबाईला पहिल्यांदा भेटतो आणि "रात्रपाळी फार जड गेली असावी" असे म्हणून थेट बोटीच्या चौकशीकडे वळतो. त्याने ते कशावरून ओळखले हे तो सांगत नाही. अर्धे पान गेल्यावर काशीबाई स्वतःच आपली बोटे पाहते, त्यांना कार्बोलिकचा वास आहे, बाहीला कंदिलाची काजळी लागलेली आहे, आणि ती मनाशी हसते. (मलाही ही प्रकरणे वाचावयास मिळाली आहेत.) येथे "छान जमले आहे" म्हणण्याऐवजी मी लेखकांना असे सांगीन की, होम्सने उलगडा केला नाही आणि तो तिने केला, म्हणून याच जागी मी तिच्यावर विश्वास टाकला व पुढची सात प्रकरणे तिच्या तोंडून ऐकावयास तयार झाले. आपल्याला काय साधले ते लेखकाला कळले तर तो तेच पुन्हा साधण्याचा प्रयत्न करील.

खंडाळा_घाट

होम्सविषयी मला फारसे कळत नाही. मी रेल्वेच्या इतिहासाचा वाचक आहे आणि चष्मिष्ट यांनी सहावे प्रकरण मला केवळ गाड्यांच्या तपशिलासाठी पाठवले. त्यात एक अशी गोष्ट सापडली की ती येथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

कथेत सावकाराच्या पुतण्यावर संशय आहे. तो म्हणतो की, आपण खुनाच्या रात्री नऊच्या गाडीने बोरीबंदरहून पुण्याला गेलो. खून सव्वानऊनंतर झाला हे नक्की आहे. घरच्या गड्याने त्याला दिवाणखान्यातल्या घड्याळात पावणेनऊ वाजत असताना जिना उतरताना पाहिले होते. गिरगावातून बोरीबंदरला घोडागाडीने पंधरा मिनिटांत जेमतेम पोहोचता येते, तेव्हा पोलीस त्याचे म्हणणे मान्य करतात आणि होम्सही ते तसेच सोडून देतो. पुढे नवव्या प्रकरणात पुतण्याच गुन्हेगार ठरतो, पण कपाटात अचानक सापडलेल्या एका पत्रामुळे.

आता गंमत अशी की, १८९३ मध्ये रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे अर्धा तास मागे होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली आणि मुंबई शहराने त्यानंतरही कित्येक वर्षे आपली जुनी वेळ सोडली नाही. म्हणजे गिरगावातल्या दिवाणखान्यात साडेआठ वाजतात तेव्हा रेल्वेच्या घड्याळात नऊ वाजून गाडी सुटलेली असते. पावणेनऊला जिना उतरणारा पुतण्या त्या गाडीत असूच शकत नाही! गड्याची जी साक्ष त्याला वाचवते तीच त्याला अडकवते, आणि पत्राची गरजच राहत नाही.

पेन्सिलवाली

@खंडाळा_घाट, हे वाचून मी सहावे प्रकरण पुन्हा काढले. उलगडा लेखकांच्या कथेत आधीपासून पडून आहे आणि त्यांना तो दिसलेला नाही!

मात्र येथेच मला एक धोका दिसतो. हे आपण लेखकांना जसेच्या तसे सांगितले, तर तो उलगडा खंडाळा_घाट यांचा होईल. बीटा रीडरला हा मोह वारंवार होतो; कथा आपल्याला इतकी आवडते की आपण ती मनातल्या मनात लिहू लागतो आणि मग "तुम्ही असे का करत नाही?" या शब्दांत आपली कथा लेखकाच्या गळ्यात बांधतो. माझ्या मते येथे एकच प्रश्न विचारावा : "पुतण्याची गाडी नऊला सुटते ती कोणत्या घड्याळाप्रमाणे?" लेखकांनी तो धागा पकडला तर पुढचे सारे त्यांचे असेल. नाही पकडला, किंवा पकडूनही त्यांना पत्रच ठेवावेसे वाटले, तर तेही त्यांचे.

काळा चहा

हा सोवळेपणा मला पटत नाही. लेखकाला माहीत नसलेली वस्तुस्थिती आपल्याला माहीत आहे. ती कोड्यात का सांगायची? मद्रास वेळेचा तपशील इतक्या कमी लोकांना माहीत आहे की नुसत्या प्रश्नावरून लेखक तेथे पोहोचतीलच असे नाही. वस्तुस्थिती पूर्ण सांगावी, तिचे कथेत काय करायचे ते सांगू नये.

चष्मिष्ट

काळा चहा यांचे हे म्हणणे मला बरोबर वाटते. माहिती लपवून ठेवण्यात सौजन्य नाही. दोन घड्याळांतला अर्धा तास ही माहिती झाली. होम्सने ती कोणत्या प्रकरणात, कोणासमोर, कशी उघड करावी हे झाले लेखन. पहिले खुशाल द्यावे, दुसऱ्याला हात लावू नये. पेन्सिलवाली यांचा प्रश्न पत्राच्या आरंभी आणि खंडाळा_घाट यांची माहिती त्याच्याखाली, असे मी लिहिणार होतो; अर्थात आता ते लेखकांनी येथेच वाचले असणार.

सिगर्सन_गिरगावकर

वाचले! ती कथा माझी. आजवर गप्प राहून सर्व प्रतिसाद वाचत होतो. सर्वांचे मनापासून आभार. घड्याळाचा मुद्दा वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या.

दोन गोष्टींचा खुलासा करतो. होम्सच्या मनातले विचार मी जाणीवपूर्वक घातले आहेत. सतत बाहेरून दिसणारा होम्स मला थोडा निर्जीव वाटतो आणि फॅनफिक्शन लिहिण्याची माझी प्रेरणाच ती आहे. म्हणून पेन्सिलवाली यांचा आक्षेप समजला तरी तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कदाचित काशीबाईने ही हकीकत बऱ्याच वर्षांनंतर लिहिली आणि मधल्या काळात होम्सने तिला पत्रातून काही सांगितले, अशी सोय करता येईल.

दुसरी गोष्ट प्लेगची, जिच्यावर अद्याप कोणी बोललेले नाही. आठव्या प्रकरणात मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडतात आणि एक गोवेकर डॉक्टर ते ओळखतो. हे १८९३ मध्ये घडले नाही हे मला माहीत आहे. मी ते मुद्दाम तीन वर्षे आधी आणले आहे.

काळा चहा

प्लेगच्या प्रकरणावर माझा आक्षेप आहे आणि तो मी सौम्य करणार नाही. प्लेग मुंबईत आला तो १८९६ च्या सप्टेंबरमध्ये. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला आणि पुढच्या वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतरच्या तपासण्या, घरांची झडती, शहर सोडून जाणारी माणसे, १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात झालेला रँडचा वध, हे सारे त्या तारखांना बांधलेले आहे. होम्सच्या डोक्यावर कोणती टोपी घालायची हे स्वातंत्र्य लेखकाचे. कारण होम्स कधी नव्हताच. प्लेगमध्ये मेलेली माणसे मात्र होती.

चष्मिष्ट

@काळा चहा, हा भेद महत्त्वाचा आहे आणि मी तो आरंभी केला नव्हता. तरीही त्यावरून प्लेग काढाच असे मी म्हणणार नाही. पर्यायी काळात घडणाऱ्या कथा फॅनफिक्शनमध्ये सर्रास लिहिल्या जातात, वाचकही त्या आवडीने वाचतात, परंतु आपण तसे काही वाचत आहोत हे त्यांना आधी सांगितलेले असते. या कथेच्या आरंभी "१८९३, मुंबई" एवढेच आहे. ज्याला इतिहास ठाऊक आहे तो वाचक आठव्या प्रकरणात लेखकाला अडाणी समजेल. ज्याला ठाऊक नाही तो चुकीची तारीख खरी मानून बसेल. आरंभी दोन ओळींची टीप दिली तर दोन्ही टळते. डॉक्टरांना काल्पनिक नाव दिलेले आहे ते तसेच असू द्यावे.

लेखकांना मी आणखी एक विचारीन : त्या प्रकरणाला नेमका प्लेगच हवा आहे, की रुग्णालयावर अचानक ताण यावा आणि काशीबाईला तपास सोडून कामावर जावे लागावे, एवढेच हवे आहे? दुसरे असेल तर पटकी (कॉलरा) त्या काळच्या मुंबईला मुळीच नवी नव्हती आणि तिच्यासाठी कोणतेही वर्ष हलवावे लागणार नाही.

निशिगंध

काशीबाईचा विषय निघालाच आहे तर थोडे अवघड लिहिते. पुढच्या प्रकरणांत ती जर्मन वाचते, नाडीवरून विष ओळखते, पिस्तूल चालवते आणि सातव्या प्रकरणात होम्सच्या आधी खुनाचा हेतू शोधते. अशा नायिकेला चाहत्यांच्या जगात 'मेरी स्यू' म्हणून मोकळे होतात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या चाहत्यांसाठी एक लहानशी विडंबनकथा लिहिली, तिच्यातल्या सर्वगुणसंपन्न नायिकेवरून. ते लेबल मी येथे लावणार नाही, कारण ते लावले की लेखक एक तर बचाव करू लागतो किंवा त्या पात्राचे पंख छाटतो, आणि १८९३ च्या मुंबईतली नोकरी करणारी विधवा पंख छाटून पुन्हा माजघरात बसलेली मला तरी नको आहे. मला जे जाणवले ते असे : दुसऱ्या प्रकरणात तिने बोटांचा वास घेऊन स्वतःशी उलगडा केला तेव्हा मी तिच्यासोबत होते, सातव्यात ती थेट उत्तर सांगते तेव्हा मी बाहेर उभी होते, कारण तिला ते कसे सुचले हे मला दिसलेच नाही. तिला किती येते याविषयी माझी तक्रार नाही.

सिगर्सन_गिरगावकर

@निशिगंध, हे मला दुसऱ्या कोणी "काशीबाई फारच हुशार आहे" अशा शब्दांत सांगितले होते आणि मी ते मनावर घेतले नव्हते. आता सातवे प्रकरण पुन्हा लिहीन. जर्मन काढतो, ते केवळ मला हौस होती म्हणून आले. पिस्तूल मात्र राहील.

@काळा चहा, प्लेगविषयी आपल्याशी मी सहमत नाही, तरी आरंभी टीप जरूर देईन. पटकीने माझे काम भागणार नाही. रोग ओळखताच येत नाही अशी भीती मला हवी आहे, आणि पटकी सर्वांना ओळखीची होती.

काळा चहा

टीप दिलीत तर माझा आक्षेप नोंदवून मी वाचत राहीन. तो मागे घेत नाही.

दादरची_वाचक

थोडे अवांतर. होम्सवर लिहिणे कायद्याच्या दृष्टीने निर्धास्त आहे, कारण डॉयल १९३० मध्ये वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंतच हक्क राहतात. पण आपल्यापैकी कोणी फास्टर फेणेवर लिहिले तर? तेथे हक्क अजून शाबूत आहेत. हौसेने लिहून मित्रांत वाचणे निराळे आणि पुस्तक काढून विकणे निराळे, हेही अभिप्राय देणाऱ्याने सांगावे काय?

चष्मिष्ट

लेखक विकण्याचा विचार करीत असेल तर आवर्जून सांगावे, आणि हक्कधारकांची परवानगी घ्यावयास सुचवावे. बाकी, फुरसुंगीच्या त्या मुलावर कोणी लिहिलेच तर अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे देऊ नये. तेथे मीच काळा चहा होऊन बसेन.

सिगर्सन_गिरगावकर

एक शंका उरली आहे, खंडाळा_घाट यांच्यासाठी. दोन घड्याळांतला फरक होम्सला कळावा की काशीबाईला, या विचारात आहे. ती रुग्णालयात नाडी मोजते, म्हणजे तिच्याजवळ सेकंदकाटा असलेले घड्याळ असू शकते आणि ते शहराच्या वेळेवर लावलेले असणार. ती बोरीबंदरला कोणाला पोहोचवावयास गेली तर स्थानकात दोन वेळा तिच्या डोळ्यांसमोर येतील. पण मुंबईत राहणाऱ्या बाईला हा फरक आधीपासूनच माहीत नसेल काय?

खंडाळा_घाट

माहीत असणारच. गाडी पकडणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला तो हिशेब करावाच लागत असे. माहीत नसेल तर परगावाहून नुकत्याच आलेल्या माणसाला. आपल्या गोष्टीत असा एकच आहे आणि तो तिबेटहून आला आहे. बाकी मी बोलत नाही, नाहीतर पेन्सिलवाली रागावतील.

पेन्सिलवाली

रागावले आहे. लेखकमहाशय, सहावे आणि सातवे प्रकरण पुन्हा लिहून झाले की मला पाठवा. नववे तूर्त वाचत नाही.